वाजते म्हणजे शाबूत आहे असे नव्हे : मोठ्या संगीतसंग्रहातील बिघडलेल्या फाइलींचा शोध

अनेक घरांत आता संगणकावर किंवा बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर हजारो फाइलींचा संगीतसंग्रह असतो. त्यात सीडींवरून उतरवलेली गाणी असतात, कॅसेटवरून संगणकात घेतलेल्या खासगी मैफली असतात, कुणा रसिकाने पेनड्राइव्हवर दिलेली जुनी नाट्यपदे असतात आणि अलीकडे मोबाइलवर मुद्रित केलेले कार्यक्रमही असतात. हा संग्रह दर काही वर्षांनी एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जातो. प्रत्येक स्थलांतरात, आणि नुसते पडून राहण्याच्या काळातही, त्यातल्या काही फाइली बिघडू शकतात. अडचण अशी की बिघडलेली फाइल आपण होऊन काही सांगत नाही. तिचे नाव तेच राहते, आकार बहुधा तोच राहतो, यादीत ती इतरांसारखीच दिसते, आणि ती नेमकी हवी असते त्या दिवशीच सातव्या मिनिटाला गाणे तुटल्याचे लक्षात येते. तोवर चांगली प्रत असलेली जुनी डिस्क भंगारात गेलेली असते.

सगळे ऐकून तपासायचे म्हटले, तर सरासरी सहा मिनिटांच्या वीस हजार फाइलींना २,००० तास लागतील, म्हणजे रात्रंदिवस ऐकत बसले तरी सुमारे ८३ दिवस. त्यामुळे हे काम यंत्राकडे सोपवण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र यंत्रालाही केवळ फाइल पाहून ती धड आहे की नाही हे ओळखता येत नाही. त्यासाठी ती कशाशी तरी ताडून पाहावी लागते. ताडून पाहण्याजोगा हा पुरावा काही फाइलींच्या पोटातच असतो, काहींच्या बाबतीत तो जगात दुसऱ्या कुणाकडे असतो, आणि उरलेल्यांच्या बाबतीत तो आपण वेळीच तयार करून ठेवला नसेल तर कुठेच नसतो. कोणत्या फाइलीचा पुरावा कुठे आहे हे एकदा कळले की तपासणीची पद्धत ठरवणे फारसे अवघड राहत नाही.

फाइली बिघडतात कशा, हे आधी थोडक्यात पाहू. सर्वांत साधा प्रकार अर्धवट नकलेचा आहे : कॉपी पूर्ण होण्याआधी पेनड्राइव्ह ओढून काढला, डाउनलोड मध्येच तुटला, आणि फाइलीचा शेवटचा भाग आलाच नाही. दुसऱ्या प्रकारात ऐन कॉपीच्या वेळी वीज जाते. फाइलीचे नाव आणि आकार डिस्कवर नोंदले गेलेले असतात, पण मजकूर पोचलेला नसतो, आणि त्या जागी केवळ शून्ये भरलेली असतात. अशी फाइल आकाराने अगदी बिनचूक दिसते. तिसऱ्या प्रकारात डिस्कचा एखादा लहानसा तुकडा वाचता येईनासा होतो. आजच्या बहुतेक डिस्कांवर हा तुकडा ४,०९६ बाइटांचा असतो आणि त्याच्या जोडीला चूक दुरुस्त करणारी माहिती डिस्क स्वतःच लिहून ठेवते. तीही अपुरी पडली तर डिस्क वाचायला नकार देते. हा बिघाड त्यातल्या त्यात बरा, कारण तो निदान कळतो.

खरी काळजी चौथ्या प्रकाराची आहे. सदोष रॅम, खराब केबल किंवा डिस्कच्या नियंत्रकातली चूक यांमुळे नक्कल होतानाच एखादा बिट उलटतो, आणि तो चुकीचा बिटच योग्य समजून लिहिला जातो. डिस्कच्या दृष्टीने सगळे ठीक असते. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ या फाइलप्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती, फाइलींच्या मजकुराची पडताळणी करत नाहीत. अ‍ॅपलची एपीएफएस फक्त आपल्या अंतर्गत नोंदींची पडताळणी करते, मजकुराची नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या प्रणाली मात्र प्रत्येक तुकड्याच्या मजकुराची खूण ठेवतात आणि ठरावीक काळाने सगळी डिस्क वाचून त्या खुणा ताडून पाहण्याची सोय देतात. घरगुती संगणकांवर त्या क्वचितच असतात, त्यामुळे बहुतेक संग्रहांवर प्रत्यक्षात कुणाचेच लक्ष नसते.

कानाला का कळत नाही

एमपी३ फाइल जवळून पाहिली की याचे उत्तर मिळते. ती सलग ध्वनी साठवत नाही, तर ध्वनीचे लहान लहान तुकडे एकामागून एक ठेवते. अशा तुकड्याला फ्रेम म्हणतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे त्या त्या क्षणीच्या ध्वनीची मोजमापे, असतात आणि एका फ्रेममध्ये त्यांपैकी १,१५२ नमुने मावतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे २६ मिलिसेकंद वाजते. चाळीस मिनिटांच्या विलंबित ख्यालात अशा जवळपास ९२ हजार फ्रेमी असतात. सेकंदाला १२८ किलोबिट या गतीची फाइल असेल तर प्रत्येक फ्रेम ४१७ किंवा ४१८ बाइटांची असते, आणि तिच्या आरंभी सलग अकरा वेळा १ हा बिट लिहिलेला असतो. प्लेअर ही खूण शोधत पुढे जातो. मध्ये काही बाइट बिघडले किंवा शून्यांचा पट्टा आला, तर तो पुढची खूण सापडेपर्यंत मधला भाग ओलांडतो आणि काहीच न घडल्यासारखा वाजू लागतो.

जागा वाचवण्यासाठी एमपी३मध्ये आणखी एक युक्ती केलेली आहे. एखाद्या फ्रेमला आपल्या वाट्याची जागा कमी पडली, तर ती आपली काही माहिती आधीच्या फ्रेमींत उरलेल्या जागेत ठेवू शकते. त्यामुळे एक फ्रेम बिघडली की तिच्या मागोमागच्या एकदोन फ्रेमीही नीट उलगडत नाहीत. तरीही एकूण नुकसान सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहते. आलापीत दोन स्वरांच्या मध्ये ते घडले तर जाणकारालाही ती जुन्या टेपची खरखर वाटेल. तबल्याच्या एखाद्या अक्षरावर घडले तर ते अक्षर गाळल्यासारखे वाटेल, इतकेच. वाजत राहणे हेच प्लेअरचे काम असल्यामुळे तो तक्रार करत नाही. म्हणूनच ‘मी लावून पाहिली, वाजते आहे’ हा फाइल धड असल्याचा पुरावा ठरत नाही. अर्धवट राहिलेली फाइल तर सुरुवातीची दहा मिनिटे अगदी निर्दोष वाजते, कारण गहाळ झालेला भाग शेवटचा असतो.

पोटातला पुरावा

ताडून पाहण्याच्या या पुराव्याला चेकसम म्हणतात. जुन्या दुकानांत हिशेबाच्या वहीत प्रत्येक पानाखाली त्या पानाची बेरीज मांडत, आणि पुढे कधी शंका आली तर आकडे पुन्हा जुळवून ती बेरीज येते का ते पाहत. चेकसमचे काम तसेच आहे. फरक असा की साध्या बेरजेत दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर ती कळत नाही. चेकसमचे गणित आकड्यांच्या क्रमालाही धरून असते. सीआरसी नावाची पद्धत डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१मध्ये मांडली, आणि आकस्मिक बिघाड पकडण्यासाठी ती आजही सर्वत्र वापरली जाते. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची एमडी५ ही पद्धत १९९२मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कितीही मोठ्या फाइलीपासून १२८ बिटांची, म्हणजे बत्तीस अक्षरांत लिहिता येणारी खूण तयार होते. सुरक्षेच्या कामासाठी एमडी५ आता बाद समजली जाते, कारण सारखीच खूण देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम घडवता येतात हे २००४मध्ये दाखवले गेले. परंतु आपल्या संग्रहावर कुणी हल्ला करत नाही, आपल्याला अपघाताने उलटलेला बिट शोधायचा आहे, आणि त्या कामाला ती पूर्णपणे पुरेशी आहे.

फ्लॅक या स्वरूपाचे मोल इथे कळते. जॉश कोल्सन यांनी २००१मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आणली, २००३मध्ये ते झिफ या संस्थेच्या छत्राखाली आले आणि डिसेंबर २०२४मध्ये ते इंटरनेटच्या अधिकृत मानकांत नोंदले गेले. त्यात ध्वनी दाबून साठवला जातो, पण एकही नमुना टाकला जात नाही. तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की प्रत्येक फ्लॅक फ्रेमच्या शेवटी त्या फ्रेमचा १६ बिटांचा सीआरसी असतो, आणि फाइलीच्या आरंभी संपूर्ण मूळ ध्वनीचा एमडी५ लिहिलेला असतो. फ्लॅकच्या मूळ साधनाला फक्त तपासणी करण्याचा आदेश देता येतो. ते फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडते, कुठेही काही लिहीत नाही, उलगडलेल्या ध्वनीचा एमडी५ नव्याने काढते आणि आरंभी लिहिलेल्या एमडी५शी जुळवते. दोन्ही जुळले तर जो ध्वनी फाइल बनवताना आत गेला तोच, नमुन्यागणिक, आजही बाहेर येत आहे, याची खात्री बाळगता येते.

जुळले नाही तर उत्तर दोन तऱ्हांनी येते. एखाद्या फ्रेमचा सीआरसी चुकला तर बिघाड नेमका कुठे आहे तेही कळते. सामान्यतः एका फ्रेममध्ये ४,०९६ नमुने असतात, म्हणजे ९३ मिलिसेकंदांपर्यंत नेमकी जागा हाती येते. सगळ्या फ्रेमी धड असून शेवटचा एमडी५ तेवढा जुळला नाही, तर फाइल बनत असतानाच काहीतरी बिनसले असण्याचा संभव असतो आणि रॅमवर संशय घ्यावा लागतो. याखेरीज एमडी५ची जागा कोरी असल्याची सूचना कधी कधी येते. ती फाइल ज्या साधनाने बनवली त्याने तो लिहिलाच नव्हता एवढाच तिचा अर्थ. तिला बिघाड समजून घाबरण्याचे कारण नाही. गायकाचे नाव, रागाचे नाव, मुखपृष्ठाचे चित्र ही टॅगमधली माहिती या एमडी५च्या कक्षेबाहेर असते, त्यामुळे टॅग कितीही वेळा दुरुस्त केले तरी पुरावा अबाधित राहतो. संग्राहकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

वेळही फार लागत नाही. संगणक फ्लॅक उलगडतो तो वाजण्याच्या वेगाच्या शेकडो पटींनी, त्यामुळे वेग ठरतो तो डिस्क किती भराभर वाचता येते त्यावर. सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवर एक टेराबाइटचा संग्रह दोन तासांच्या आत तपासून होतो. जुन्या यूएसबी जोडणीवर तेच काम रात्रभर चालते. एकेक फाइल निवडत बसण्याचीही गरज नाही. विंडोजवर फूबार२००० या प्लेअरला फाइल-पडताळणीचा घटक जोडता येतो आणि सगळे फोल्डर त्याच्या हवाली करता येतात. आदेश लिहून काम करण्याची सवय असणाऱ्यांना बीट्स या संग्रह-व्यवस्थापकातली खराब फाइली शोधणारी सोय उपयोगी पडेल. ती फ्लॅकला फ्लॅकच्या साधनाकडे आणि एमपी३ला एमपी३व्हॅल या साधनाकडे पाठवते.

एमपी३ची अर्धीमुर्धी साक्ष

एमपी३च्या बाबतीत एवढी निश्चिती मिळत नाही. फ्रेममध्ये सीआरसी ठेवण्याची सोय त्यात आहे, पण ती ऐच्छिक आहे, बहुतेक फाइलींत वापरलेली नसते, आणि वापरली असली तरी फ्रेमच्या आरंभीच्या माहितीपुरतीच लागू होते. त्यामुळे एमपी३व्हॅलसारखी साधने मुख्यतः रचना तपासतात : प्रत्येक फ्रेमनंतर पुढची फ्रेम अपेक्षित जागी सापडते का, मध्ये परका मजकूर आला आहे का, शेवटची फ्रेम पूर्ण आहे का. अनेक फाइलींच्या आरंभी एकूण फ्रेमींची आणि बाइटांची संख्या लिहिलेली असते, तिच्याशी प्रत्यक्ष मोजणी जुळते का हेही पाहता येते, आणि अर्धवट राहिलेली फाइल पकडायला हीच मोजणी सर्वांत भरवशाची आहे. लेम या एन्कोडरने बनवलेल्या फाइलींत संगीताच्या भागाचा १६ बिटांचा चेकसमही असतो, मात्र नंतर आवाजाची पातळी बदलणाऱ्या एखाद्या साधनाने त्या फाइलीला हात लावला असेल तर बिघाड नसतानाही तो जुळत नाही.

रचनेच्या तपासणीतून येणाऱ्या तक्रारींची यादी पहिल्यांदा पाहणाऱ्याला संग्रह मोडकळीला आला आहे असे वाटते. तसे नसते. फाइलीच्या आधी किंवा नंतर काही परके बाइट आहेत, आरंभीची फ्रेमसंख्या किंचित चुकली आहे, टॅग जुन्या पद्धतीचा आहे, अशा तक्रारी वेगवेगळ्या टॅग-संपादकांनी मागे ठेवलेल्या पाऊलखुणा असतात आणि ध्वनीशी त्यांचा संबंध नसतो. लक्ष द्यायचे ते दोनच प्रकारच्या तक्रारींकडे : ध्वनीच्या प्रवाहात मध्येच खंड पडून पुन्हा जुळवणी करावी लागली, आणि फाइल शेवटी तुटलेली आहे. त्या आधी वेगळ्या काढाव्यात. ‘दुरुस्त करा’ हा पर्याय सरसकट हजारो फाइलींवर चालवणे मला अजिबात योग्य वाटत नाही. त्याने रचना नीटनेटकी होते, बिघडलेला भाग काढून टाकला जातो, आणि पुढच्या तपासणीत ती फाइल निर्दोष म्हणून उत्तीर्ण होते. गेलेले संगीत परत येत नाही; ते गेल्याची खूण मात्र पुसली जाते.

ज्यांच्या पोटात काहीच नाही

वेव्ह हे स्वरूप ध्वनिसंग्रहालयांचे आवडते आहे. ध्वनिसंग्राहक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेत जुन्या टेप आणि तबकड्या याच स्वरूपात, २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झला, उतरवण्याची शिफारस आहे. पण साध्या वेव्ह फाइलीत चेकसम नसतो. एक बिट उलटला तर फार तर एक टिकटिक ऐकू येते आणि कोणतेही साधन तक्रार करत नाही, कारण कोणताही आकडा हा वैधच नमुना असतो. उलट २४ बिटांच्या फाइलीतून एक बाइटच गळाला तर पुढचा सगळा ध्वनी कर्कश गोंगाट होतो, कारण तीन-तीन बाइटांची मांडणी त्या जागेपासून सरकते. गळालेल्या जागी एक बाइट घातला की संगीत परत येते. आणखी एक गोष्ट मैफली उतरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. वेव्हच्या आरंभी लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा असल्याने तिची मर्यादा चार गिगाबाइट आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, दोन वाहिन्या (स्टीरिओ) असे मुद्रण साधारण दोन तास चार मिनिटांनी ही मर्यादा ओलांडते. सलग उतरवलेल्या लांब मैफलीची फाइल म्हणूनच कधी कधी काही मिनिटांचीच दिसते. तिथे ध्वनी बहुधा पूर्ण असतो, लांबीची नोंद तेवढी चुकलेली असते, आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकामध्ये ती कच्चा ध्वनी म्हणून उघडली की सगळी मैफल समोर येते.

मोबाइलवर केलेली एम४ए मुद्रणे वेगळ्या कारणाने नाजूक असतात. कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका अनेकदा मुद्रण थांबवल्यावर फाइलीत लिहिली जाते. कार्यक्रमाच्या मध्येच बॅटरी संपली तर ती लिहिलीच जात नाही, आणि शंभर मेगाबाइटांची फाइल असूनही कुठलाच प्लेअर ती उघडत नाही. ही फाइल फेकून देऊ नये. त्याच फोनवर, त्याच मांडणीत केलेली एखादी धड फाइल नमुना म्हणून देऊन अनुक्रमणिका पुन्हा रचणारी अनट्रंकसारखी साधने आहेत.

वेव्ह, एमपी३, एम४ए या सगळ्यांसाठी पुरावा आपण तयार करायचा, आणि तो आजच, कारण चेकसम आधीचा बिघाड दाखवू शकत नाही. तो फक्त त्या दिवसानंतर काही बदलले का एवढेच सांगतो. संपूर्ण संग्रहाच्या चेकसमांची एक साधी मजकूर-फाइल बनवावी, तिची एक प्रत संग्रहाजवळ आणि एक दुसरीकडे ठेवावी, आणि वर्षातून एकदोनदा पुन्हा ताडून पाहावे. टॅग बदलले की संपूर्ण फाइलीचा चेकसम बदलतो, त्यामुळे ज्यांना टॅगमध्ये सतत सुधारणा करायची सवय आहे त्यांनी एफएफएमपेग या साधनाकडून फक्त ध्वनिप्रवाहाचा एमडी५ काढून घेणे सोयीचे पडेल.

यादीशी न जुळलेल्या फाइलींचा निवाडा करण्याची एक सोपी कसोटी आहे. चेकसम बदलला आणि फाइलीची शेवटच्या बदलाची तारीखही बदलली, तर कुणीतरी किंवा कुठल्यातरी प्रोग्रॅमने ती उघडून लिहिली आहे. चेकसम बदलला पण तारीख आणि आकार जसेच्या तसे आहेत, तर ती बहुधा न कळत बिघडली आहे. एकच फाइल लागोपाठ दोनदा तपासल्यावर दोन निराळे चेकसम आले, तर बहुधा फाइल निर्दोष असते आणि दोष रॅममध्ये किंवा केबलमध्ये असतो. अशा वेळी पुढची कोणतीही कॉपी करण्याआधी रॅम तपासणे निकडीचे आहे.

देवनागरीत नावे देणाऱ्यांना एक वेगळाच घोळ भेटू शकतो. ‘दुसऱ्या दिवसाची मैफल’ या नावातला ऱ्याचा ऱ संगणक एकाच चिन्हाने लिहू शकतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. अ‍ॅपलची जुनी एचएफएस प्लस प्रणाली नावे अशी सुटी करून ठेवत असे. विंडोजवर बनवलेली यादी तशा डिस्कवर ताडून पाहिली तर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येऊ शकते. तो बिघाड नव्हे.

बॅकअपविषयीही एक इशारा द्यायला हवा. आरसिंकसारखे नक्कल करणारे साधन एरवी आकार आणि तारीख पाहूनच फाइल बदलली का ते ठरवते, म्हणून न कळत बिघडलेली फाइल त्याला जुनीच वाटते आणि बॅकअपमधली चांगली प्रत शाबूत राहते. पण अधिक काटेकोरपणाच्या हेतूने चेकसम पाहून नक्कल करण्याचा पर्याय लावला, तर ते फरक ओळखते आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवर बसवते. त्यामुळे आधी यादीशी पडताळणी आणि नंतर बॅकअप, हा क्रम कधीही उलटू नये.

चेकसमच्या पलीकडचे दोष

चेकसम जुळला म्हणजे फाइल बनली तेव्हा होती तशीच आहे. ती बनली तेव्हाच सदोष असेल तर तो दोष इमानाने जपला जातो. ओरखडे पडलेल्या सीडीवरून गाणी उतरवताना ड्राइव्हला काही नमुने वाचता आले नाहीत, तर तो आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने ते भरतो. त्यातून बनलेली फ्लॅक फाइल सगळ्या कसोट्यांना उतरते. प्रकाशित सीडींसाठी इथे पुरावा इतरांकडे मिळतो. अ‍ॅक्युरेटरिप या माहितीसाठ्यात जगभरच्या लोकांनी त्याच सीडीवरून उतरवलेल्या ध्वनीचे चेकसम आहेत; वेगवेगळ्या ड्राइव्हवर, वेगवेगळ्या घरांत उतरवलेला ध्वनी आपल्याशी जुळला तर शंकेला जागा उरत नाही. क्यूटूल्सचा माहितीसाठा त्याहून पुढे जातो : त्यात दुरुस्तीपुरती जादा माहितीही असल्याने थोडे नुकसान असेल तर मूळ नमुने परत मिळवता येतात.

एखाद्या घरातल्या बैठकीची कॅसेट जगात दुसऱ्या कुणी उतरवलेली नसते, तिथे हे चालत नाही. पण आपल्या संगीताचीच एक गोष्ट मदतीला येते. ख्यालगायनाच्या मैफलीत तानपुरा अखंड वाजत असतो, आणि तो क्षीण असला तरी टेपची सळसळ असतेच. अशा मुद्रणात मध्येच काही क्षण सगळे नमुने अगदी शून्य असतील, तर ती शांतता गायकाची किंवा सभागृहाची असू शकत नाही. तिथे ध्वनी गेलेला आहे. एफएफएमपेगमध्ये शांतता शोधणारी चाळणी आहे. तिला फार खालची पातळी आणि सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढा अवधी देऊन सगळ्या मैफली तिच्यातून काढाव्यात, आणि जिथे फाइलीच्या आरंभ-शेवटाव्यतिरिक्त शांतता सापडेल ती जागा कानाने ऐकावी. कापून संपादित केलेल्या चित्रपटगीतांना ही कसोटी तितकीशी लागू पडत नाही. मैफलीच्या मुद्रणांना ती विलक्षण चपखल बसते. चाळणीला प्रत्येक वाहिनी स्वतंत्रपणे तपासायला सांगितले, तर मूळ मुद्रण दोन वाहिन्यांचे असताना एक वाहिनी पूर्ण मुकी असलेल्या फाइलीही याच झडतीत सापडतात.

शोध सुरू करण्याआधी डिस्कची प्रकृती पाहून घ्यावी. डिस्क स्वतःविषयी ठेवत असलेल्या नोंदींत बदललेल्या आणि वाचता न आलेल्या तुकड्यांची संख्या वाढताना दिसत असेल, तर तपासणीसाठी तिला तासन्‌तास राबवणे धोक्याचे आहे. आधी डीडीरेस्क्यूने तिची संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हे साधन वाचता येणारा भाग आधी उचलते आणि न वाचलेल्या जागांचा नकाशा ठेवते. त्या जागांवर नकलेत ओळखू येईल असा ठरावीक मजकूर भरण्याचीही सोय त्यात आहे. मग तो मजकूर ज्या ज्या फाइलींत सापडेल त्या बिघडलेल्या, इतकी सरळ यादी मिळते.

सापडलेल्या फाइलींपैकी ज्यांची चांगली प्रत बॅकअपमध्ये आहे त्या तिथून आणाव्यात, सीडी असेल तर पुन्हा उतरवावी, कॅसेट जपून ठेवली असेल तर ती पुन्हा चालवावी. दुर्मीळ मुद्रणांच्या फोल्डरांना पार-२ या पद्धतीची पाच-दहा टक्के जादा माहिती जोडून ठेवली, तर पुढे त्या मर्यादेतले नुकसान बाहेरच्या प्रतीशिवाय भरून काढता येते. जागेच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

पर्याय हाती येईपर्यंत बिघडलेली फाइल मात्र पुसू नये. चाळीस मिनिटांच्या ख्यालातले दोनशे मिलिसेकंद गेले म्हणून उरलेले गाणे टाकाऊ होत नाही. फ्लॅकचे साधन पहिल्या चुकीपाशी थांबते, पण चुका ओलांडून पुढे उलगडत राहण्याचा आदेश त्याला देता येतो आणि उरलेला ध्वनी वाचवता येतो. तेच मुद्रण ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले त्या रसिकांकडेही चौकशी करावी, कारण त्यांची प्रत बिघडलेली असली तरी ती त्याच जागी बिघडलेली असण्याची शक्यता फार कमी असते. दोन्ही प्रती एकाच मूळ फाइलीच्या असतील तर त्यांचे नमुने तंतोतंत सारखे असतात, आणि एकीतला गेलेला भाग दुसरीतून उचलून ऑडॅसिटीत बसवला तर सांधा राहत नाही. कोणते सेकंद कुठल्या प्रतीतून घेतले हे त्या फाइलीच्या टॅगमध्ये लिहावे आणि तिचा चेकसम त्याच दिवशी यादीत घालावा.